बाईंना गावच नाय!

इंटरची परीक्षा संपली त्याच संध्याकाळी मी घरात जाहीर केलं, की या सुट्टीत मी मुलांच्या शिबिरात काम करणार. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली न घेता त्यांनी विचारलं, "कसलं शिबिर?"

"मुलांचं. उन्हाळी."

"राजकारणाचं नाही ना?"

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते, आणि ते साल मोठं अवघड होतं. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढायचं दिल्लीने जाहीर केलं होतं. थंडीत गिरगावात गोळीबार झाला होता. आमच्या ठाकूरद्वारच्या वाडीतल्या पोरांची प्रभातफेरी निघाली की बाबा फाटकाशी उभे राहून ती संपेपर्यंत बघत. मग घरात येऊन तोंड धूत, कोट चढवत आणि त्याच सरकारच्या कामाला जात. 

"राजकारणाचं नाही," मी म्हटलं. "आमच्या सरांनी सांगितलंय, पुढे शिक्षिका व्हायचं असेल तर आधी एक सुट्टी मुलांबरोबर काढून बघा. त्यात टिकलात तर पुढचं बोलू."

माझी आई मी लहान असतानाच गेली होती. घर आत्या चालवायची. ती आतून म्हणाली, "जाऊ दे तिला. नाहीतरी घरी बसून माझे पापड बिघडवणार."

शिबिर निवडायचं म्हणजे काय करायचं, हे मला कुठे ठाऊक होतं! जे चारचौघांत सांगायला बरं वाटेल ते चांगलं, एवढीच माझी अक्कल. म्हणून पहिली निवड केली ती समुद्राकाठच्या एका बंगल्याच्या बागेत भरणाऱ्या हॉलिडे क्लासची. तिथल्या बाई इंग्रजीतून बोलायच्या, गवत हिरवंगार होतं, झाडांना कागदी कंदील टांगलेले होते. वाडीतल्या बायकांना सांगताना मी तो 'क्लास' शब्द दोनदा म्हटल्याचं आठवतं.

पहिल्या दिवशी अकरा मुलं आली आणि त्यांच्याबरोबर त्यांना सांभाळणाऱ्या अकरा पगारी आया. मुलाने चेंडू टाकला की आया उचलायची. मुलाला तहान लागायच्या आत आया थर्मास उघडायची. मी एका गोऱ्या गोमट्या मुलाला विचारलं, "आपण वाळूचा किल्ला करू या का?" त्याने आयाकडे पाहिलं. आया म्हणाली, "छोट्या बाबाचे कपडे खराब होतील." संपला किल्ला. दुपारपर्यंत मला करण्यासारखं एकच काम निघालं, ते म्हणजे आयांची भांडणं सोडवणं. सावलीतली बाकं चार आणि आया अकरा, त्यामुळे भांडणं बरीच होती. ती मी चांगली सोडवली असावीत, कारण संध्याकाळी त्या इंग्रजीतून बोलणाऱ्या बाईंनी खूश होऊन माझे आभार मानले. मी घरी आले ती तोंड पाडूनच.

आत्याने चहा पुढे ठेवला. "कसं झालं?"

"छान आहे गं जागा."

"जागा छान आहे हे मला बाहेरूनही दिसलं असतं. मुलं कशी आहेत?"

मला एकाही मुलाबद्दल काही सांगता येईना. अकरांपैकी एकाचाही आवाज मला आठवेना. दुसऱ्या दिवशी मी नम्रपणे चिठ्ठी पाठवून ते काम सोडलं.

मग मी एकदम दुसऱ्या टोकाला गेले. मैत्रिणीचे काका दादरच्या एका व्यायामशाळेशी संबंधित होते. तिथे मुलामुलींचं शिबिर भरायचं, पहाटे साडेपाचला. लेझीम, लाठी, सूर्यनमस्कार, मुलांना मलखांब. माझ्या गळ्यात शिट्टी अडकवून मला मुलींच्या एका गटाची प्रमुख केलं. ते दिवसच असे होते, की अंगात काहीतरी संचारलेलं असायचं. रस्त्याने घोषणा ऐकू आल्या की लेझमीचा आवाज आपोआप चढायचा. मला वाटलं, हेच आपलं काम. देशाचं, महाराष्ट्राचं, सगळंच एकदम.

पहिले दोन दिवस मी फार तोऱ्यात होते. तिसऱ्या दिवशी एक बारकीशी मुलगी घामाघूम झालेली दिसली. मी शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलं आणि पाणी प्यायला पाठवलं. मग दुसरी एक दमलेली दिसली. पुन्हा शिट्टी. एकीची वेणी सुटली म्हणून शिट्टी. पाचव्या दिवशी कवायतीच्या ऐन मध्यावर गुरुजींनी मला सांगितलं, "द्या इशारा, दुसरी ओळ पुढे." मी जोरात शिट्टी फुंकली. दोन्ही ओळी मोडून सगळ्या मुली हसत हसत पाण्याच्या पिंपाकडे पळाल्या.

गुरुजी साठीचे, तालमीत घडलेले, फार बोलत नसत. त्यांनी मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, आता खरडपट्टी. पण ते मिशीतल्या मिशीत हसत होते.

"बाई, तुमची शिट्टी ऐकली की माझ्या मुलींना तहान लागते."

"चुकलं गुरुजी. उद्यापासून—"

"उद्यापासून नका येऊ." मग माझा चेहरा पाहून घाईने म्हणाले, "अहो, रागाने नाही म्हणत. आमच्याकडे आधी रांग बघायची असते, मग मूल. तुमचं उलटं आहे. तसं काम हवं असेल तर लालबागला जा. गिरणी कामगारांच्या मुलांसाठी एक केंद्र आहे. तिथल्या मोठ्या बाई माझ्या माहितीतल्या आहेत. रांग कशी ती तिथे तुम्हाला दिसायची नाही."

आठवड्यात दोन कामं सुटली. आत्याने चहा देताना नुसती खांद्यावर थाप मारली. बाबा म्हणाले, "लालबाग? तिथे रोज मोर्चे निघतात." पण 'नको' म्हणाले नाहीत.

धोबीतलावाला ट्राम बदलून मी लालबागला पोचले तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. केंद्र म्हणजे चाळीच्या मागे पत्र्याची एक मोठी खोली आणि पुढे फरसबंद अंगण. बाजूच्या गिरणीची घरघर सतत कानांवर. ती थांबायची नाही म्हणून सगळेच एक पट्टी वर बोलत. मोठ्या बाई चाळिशीच्या, करी रोडच्या चाळीत वाढलेल्या, पदर खोचून स्वतः बाकं हलवत होत्या. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "गुरुजींनी पाठवलं काय गो तुला? बरं केलं. दोन गोष्टी सांगते. हे केंद्र सरकारी मदतीवर चालतं, तेव्हा घोषणा फाटकाबाहेर. आणि दुसरं, या पोरांना 'तुम्ही गावाला का नाही गेलात' असं विचारू नकोस."

दुसरी गोष्ट मला कळली नाही. मग त्यांनीच सांगितलं. मे महिना आला की लालबाग-परळची निम्मी वस्ती बोटीने कोकणात जाते. आंबे, फणस, लग्नं, आजी-आजोबा, सगळं तिकडे. वर्षभर पोरं त्याच्याच गोष्टी करतात. मागे राहतात ती ज्यांच्या बापाला रजा मिळत नाही, किंवा घरात कोणी आजारी आहे, किंवा असंच काहीतरी. "हे शिबिर त्या उरलेल्यांचं," त्या म्हणाल्या. "रडकी तोंडं घेऊन येतात पहिले चार दिवस. बघ काय जमतं ते."

माझ्याकडे एक वही होती. हॉलिडे क्लाससाठीच मी ती तयार केली होती. कागदकाम, कोडी, बोटांचे ठसे, रोजचा कार्यक्रम तासागणिक आखलेला. समोर तेवीस मुलं-मुली बसली होती आणि मोठ्या बाईंनी सांगितलेलं रडकं तोंड प्रत्येकाचंच होतं. मी वहीतला पहिला कार्यक्रम सुरू केला, कागदाची होडी. मुलांनी कंटाळत का होईना, केली. मग दहा वर्षांच्या एका मुलीने आपली होडी नाकासमोर धरली. हाडकुळी, डोळे मोठे, आवाज खणखणीत.

"बाई, ही बोट जाते खंय?"

"कुठेही जाईल. तुला हवं तिथे."

"कुठेही कशी जाईल?" ती माझ्याकडे संशयाने बघत म्हणाली. "पयलं हर्णै लागतां. मग दाभोळ."

"मग रत्नागिरी," मागून एक मुलगा ओरडला.

"रत्नागिरी खंयची? मधी जयगड कोणाच्या बापाशीन ठेवलान?"

आणि एकदम तेवीस तोंडं उघडली. कुठलं बंदर आधी, कुठलं नंतर, बोट कुठे लांब उभी राहते, छोट्या पडावात उतरताना कोणाची ट्रंक पाण्यात पडली, कोणाच्या मावशीला भाऊच्या धक्क्यापासूनच उलट्या सुरू झाल्या. सगळं एकाच वेळी, गिरणीच्या वर आवाज काढून. मला त्यातलं अर्धं कळत होतं. एवढंच कळलं, की कागदकाम संपलं.

गलका ओसरल्यावर त्या मुलीने मला विचारलं, "बाई, तुमचा गाव कुठला?"

"ठाकूरद्वार."

"ता नाय ओ. गाव, गाव!"

"माझं गाव मुंबईच. माझे पणजोबासुद्धा मुंबईतच जन्मले. आमचं दुसरं गाव नाही."

 इतक्या करुणेने माझ्याकडे याआधी कोणी पाहिलं नव्हतं. मघाचा तो मुलगा शेजारच्याच्या कानात म्हणाला, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, "बाईंना गावच नाय!"

"मे महिन्यात मग तुम्ही जाता कुठं?" एका छोटीने विचारलं.

"कुठेच नाही. घरीच असते."

"दर वर्साला?"

"दर वर्षी."

त्यांची गावाची वाट या एका वर्षापुरती चुकली होती, माझी तर जन्माचीच चुकली होती. त्यांच्या डोळ्यांतला भाव पालटला तो मला दिसला. ती खणखणीत आवाजाची मुलगी उठली, कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, काय काळजी करू नका. आमी तुमका नेतंव."

त्या दिवसापासून ती आमची कप्तान झाली. कोणी नेमली नाही, मतं घेतली नाहीत. बाकं अंगणात आली, दोन रांगांत लागली, त्यांच्या पुढे टेबल उलटं ठेवून नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, झाली. एकाने घरून बापाची जुनी टोपी आणली. पत्र्याच्या नळकांड्याचा भोंगा झाला. मी वही मिटून बाकावर बसले, कारण प्रवाशाला दुसरं काय काम? रोज एक बंदर घ्यायचं असं ठरलं. हर्णैला उतरलो त्या दिवशी तिथल्या बाजाराची मासळी कागदाची कापून केली. दाभोळला वाशिष्ठीचं पाणी समुद्राला कसं मिळतं ते मी पुस्तकातून वाचून सांगितलं. रत्नागिरीला गणित केलं, आंब्याच्या पेट्यांचं. मला नंतर हसू आलं, कारण वहीतलं बहुतेक सगळं होत होतं, फक्त माझ्या क्रमाने नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी म्हणालं, समुद्र पाहिजे. म्हणून अंगणभर नकाशा काढायला घेतला. पाण्याला निळीची रेघ, जमिनीला गेरू. वेंगुर्ल्यापासून वर रंगवत रंगवत मुलं मुंबईपाशी आली आणि थांबली.

"बाई, मुंबईला कुठचा रंग?"

प्रश्न साधा होता. पण मुंबई कोणाची, यावरूनच तर ते सगळं वर्ष पेटलं होतं. मला मोठ्या बाईंचं 'घोषणा फाटकाबाहेर' आठवलं, कोट चढवणारे बाबा आठवले. मी म्हटलं, "मुंबईला... तिला सध्या कोरी ठेवू या."

कप्तान हात झटकत माझ्यापुढे उभी राहिली. "कोरी कशी? बोट हितनं सुटते आणि थंय जाते. माणसां तीच. माझो बापूस हय आणि आजी थंय. मधी रंग बदललो तर बोटीतली माणसा कोणाची?"

कॉलेजात वर्षभर मी या विषयावर पुष्कळ भाषणं ऐकली होती. हे त्यांतल्या कोणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. मी पदर खोचला आणि स्वतःच्या हाताने मुंबईवर गेरू लावला. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं, आणि आत जाऊन गेरूचं दुसरं मडकं आणून माझ्याशेजारी ठेवलं.

दोन दिवसांनी तपासणीचे साहेब आले. आधी कळवलं नव्हतं. जाड चष्मा, हातात फाईल, पायात चकचकीत बूट. फाटकातून शिरले ते थेट अंगणाच्या मध्यावर येऊन थांबले. आम्ही त्या वेळी विजयदुर्गाच्या दिशेने निघालो होतो. भोंगा वाजला. साहेब हलले नाहीत. मी त्यांच्या पायांकडेच बघत होते, कारण त्यांच्या डाव्या बुटापासून हातभर अंतरावर गेरूने माखलेली मुंबई होती.

कप्तान नाळेवरून ओरडली, "ओ साहेब! बाजूला व्हा! तुमी समुद्रात उभे हाव!"

साहेबांनी खाली पाहिलं. चष्मा सारखा करून किनाऱ्याकिनाऱ्याने नजर वर नेत नेत ते मुंबईपाशी थांबले. 

"मुंबईलाही गेरूच?" त्यांनी विचारलं.

 मग मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "दुसरा रंग संपला, साहेब."

साहेबांनी फाईल एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली. "बरं झालं संपला," ते म्हणाले. मग पुन्हा खाली वाकून एकदम कडक आवाजात, "पण हे काय? रत्नागिरीनंतर थेट जैतापूर? मुसाकाजी कुठे गेलं? आम्ही राजापूरच्या बाजूचे. मी लहानपणी तिथे उतरलोय. ते बंदर असं गाळून टाकलंत?"

कप्तानाने कपाळावर हात मारला. "गावला नाय, साहेब! कोणाच्याच लक्षात रवला नाय!"

"मग बोट मागे घ्या."

बोट मागे घेतली. साहेबांनी बूट काढून बाकाखाली ठेवले आणि प्रवाशांत बसले. त्यांनी स्वतः खडूने मुसाकाजीचं टिंब काढलं, तिथे उतरल्यावर बैलगाडीची वाट कशी होती ते सांगितलं, मधल्या नदीत बैल अडून बसल्याची गोष्ट सांगताना ते इतके हसले, की चष्मा काढून पुसावा लागला. तासाभराने फाईल न उघडताच निघाले. फाटकापाशी मोठ्या बाईंना म्हणाले, "पाऊस पडायच्या आत अंगण धुऊन टाका. माझ्यानंतर कोण येईल सांगता येत नाही." तेवढं बोलताना ते हसत नव्हते.

त्या संध्याकाळी मी जेवताना हे सगळं घरी सांगितलं. बाबांनी घास हातातच धरला होता. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी विचारलं, "गेरू पुरला का सगळ्या मुंबईला?" मी म्हटलं, "पुरला." मग त्यांनी आत्याकडे आणखी भात मागितला. एरवी रात्री ते दुसऱ्यांदा भात घेत नसत.

शेवटच्या दिवशी आम्ही मालवणला पोचलो. मुलांच्या आया आल्या होत्या, काही पहिल्या पाळीहून आलेले बापही. प्रत्येक मुलाने मला आपलं गावचं घर खडूने काढून दाखवायचं असं ठरलं होतं. कोणी अंगणात विहीर काढली, कोणी माड. कप्तानाचं घर सगळ्यांत मोठं होतं. पडवी, मागे आमराई, गोठ्यात दोन म्हशी, आणि दारात वाट बघणारी आजी. तिने मला हात धरून खोलीखोलीतून फिरवलं. "बाई, हय वाका, दरवाजो बारको आसा." मी वाकले.

सगळं आवरताना तिची आई माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "बाई, ती मोठा मोठा सांगता ना, खरा मानू नका. तिचा बापूस बदली कामगार, कोण आजारी पडलो तर त्या दिवसापुरतो घेतत. बदलीवाल्याक रजा कसली? पोर जन्मल्यापासून एकदा पण गावाक गेली नाय. शेजारणी येतत, बोलतत, ता ऐकून ऐकून सगळा पाठ केल्यान."

अंगणाच्या टोकाला कप्तान नाळेचं टेबल सरळ करत होती. हर्णैनंतर दाभोळ, मग जयगड. एक बंदर सोडलं तर कुठे चुकली नव्हती.

"मला खरंच वाटलं सगळं," मी तिच्या आईला म्हटलं. "आणि दरवाजा खरोखरच बारका होता."

तिची आई हसली, पदराने डोळे पुसत मुलीला हाक मारायला गेली.

मी पुढे शिक्षिका झाले. लालबागच्या त्या अंगणात आणखी चार सुट्ट्या काम केलं. पुढे पुढे ओळखीतल्या मुली विचारायच्या, बाई, सुट्टीत कुठल्या शिबिरात काम करू? इथे मैदान मोठं आहे, तिथे नाव मोठं आहे. मी त्यांना म्हणायचे, एक दिवस जाऊन या आणि संध्याकाळी एखाद्या मुलाची गोष्ट सांगता येते का बघा. आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

पण लालबागच्या त्या पहिल्या सुट्टीनंतर वर्षभराने, मे महिन्यात, शिबिराच्या पहिल्या दिवशी मी हजेरी घेत होते. कप्तानाचं नाव घेतलं. उत्तर नाही. पुन्हा घेतलं. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, तिच्या बापसाला गिरणीत कायम केला. सगळी गेली गावाक, परवाच्या बोटीनं." मी तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. शिक्षिका म्हणून पुढे मी हजारदा तो शब्द लिहिला असेन. इतक्या आनंदाने पुन्हा कधी लिहिला नाही.